मानमोडीच्या डोंगरातली दुपार

नारायणगाव सोडून गाडी जुन्नरच्या रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा संपेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले. समोर सपाट माथ्यांचे डोंगर एकामागून एक सरकत होते. त्यांच्या कंबरेला काळ्या कातळाचा पट्टा आणि त्या पट्ट्यात ओळीने चौकोनी भोकं. लातूरला मी पुष्कळ वर्षं शिवणाचा क्लास चालवते, त्यामुळे मला आधी कोटाची काजं आठवली. बटणं तुटून गेलेल्या जुन्या कोटाची.

“ती समदी लेणी,” गाडी चालवणारे भाऊसाहेब म्हणाले. “इथं डोंगर तितकी लेणी. आमी ल्हानपनी गुरं बांधायचो तितं.”

भाऊसाहेब डिंगोऱ्याचे. घरी कांदा, टोमॅटो आणि ही एक जीप. नारायणगावच्या स्टँडवर त्यांच्याशी आमचं चार दिवसांचं ठरलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे, दिगंबरराव. हे गणिताचे मास्तर होते, आता निवृत्त. यांना लेण्यांचं वेड नव्हतं. वेड माझं. दहावीच्या पुस्तकात नाणेघाटाचं चित्र होतं, तेव्हापासून मनात होतं की एकदा जायचं. मुलांची शिक्षणं, लग्नं, यांच्या आईचं आजारपण यांत ते राहून गेलं. या मार्चमध्ये मी क्लासला सुट्टी दिली आणि यांना म्हटलं, येणार असाल तर चला, नाहीतर मी एकटी जाते. हे आले.

पहिल्या दिवशी नाणेघाट. वाटेत पूर नावाच्या गावी कुकडेश्वराचं देऊळ लागलं. शिल्पांनी भरलेल्या भिंती, आजूबाजूला शांतता. मागच्या बाजूला कुकडी नदीचा उगम आहे. गाभाऱ्यात इतकं गार होतं की ह्यांनी तिथेच बैठक मारली आणि पुढे यायचं नाव घेईनात.

नाणेघाटाला मात्र हे एकदम जागे झाले. कोकणातून चढून येणारी जुनी वाट इथे डोंगराच्या चिरेत शिरते. वर तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची असं सांगतात. एवढ्या नाण्यांनी तो भरायला किती बैल घाट चढले असतील, याचा हिशोब हे स्वतःशीच पुटपुटत राहिले. मी गुहेतल्या लेखापुढे उभी होते. एका राणीने कोरून घेतलेल्या त्या ब्राह्मी अक्षरांतलं एकही मला वाचता येत नव्हतं, पण ओळी सरळ होत्या. दगडावर इतकी सरळ ओळ धरणाऱ्या हाताचं मला कौतुक वाटलं. कापडावरसुद्धा मुलींना ती धरता येत नाही.

मला लेण्यांत खरं कुतूहल होतं ते वेगळंच. दान कोणी दिलं ते लेखांत असतं. जुन्नरच्या लेण्यांना बुरुडांनी दिलं, कासारांनी दिलं, धान्य विकणाऱ्यांनी दिलं. शिवनेरीच्या लेण्यांत तर एका यवनाने, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या परक्या माणसाने, दोन पोढ्या (खडकात खोदलेली पाण्याची टाकी) दिल्याचा लेख आहे. हे सगळं मी वाचून आले होते. पण त्या अंधाऱ्या खोल्यांतून जे राहिले ते कसे राहिले, काय करत बसले, हे कुठल्या पुस्तकात मिळेना. जेवताना ह्यांना मी हे बोलून दाखवलं. हे म्हणाले, राहिल्याशिवाय कळायचं नाही, आणि राहायला आपल्याला कोण देणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नर गावाजवळचा हबशी सरदाराचा घुमट पाहिला. आत टाळी वाजवली की आवाज वर जाऊन फिरून खाली येतो. पुढे मानमोडीचा डोंगर. त्याच्या अंगावर तीन ठिकाणी लेणी आहेत. त्यांतल्या अंबा-अंबिका गटाकडे आम्ही निघालो. पायथ्याशी भाऊसाहेबांनी जीप लिंबाच्या सावलीत लावली आणि ह्यांच्या सदऱ्याचा वास घेऊन पाहिला.

“अत्तरबित्तर न्हाई ना लावलं? वर मोहळं लई हायेत. आग्या मोहोळ. वरडू नका, दगड मारू नका. बाकी काय भ्या न्हाई.”

वाट घाणेरीच्या झुडपांतून चढत होती. काटेसावर फुलली होती. निम्म्या वाटेवर आम्हांला दोन बायका भेटल्या. पुढची सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या लुगड्यातली, पण आमच्या दोघांच्या पुढे जाणारी. तिचं नाव सोनाबाई. मागे तिची सून सुजाता, डोक्यावर सतरंजी आणि पांढरी चादर, हातात फुलांची पिशवी. दोघी वारूळवाडीच्या. त्या दिवशी फाल्गुनी पौर्णिमा होती. वंदनेला निघाल्या होत्या. तालुक्यात सोप्या पायऱ्यांची लेणी आहेत, मग इथे का, असं मी विचारलं, तर सुजाता हसून म्हणाली की सासूबाईंना हेच लागतं.

वर पोचलो. इथलं मोठं चैत्यगृह अर्धवट राहिलेलं आहे. काम करणारे जेवायला गेले आणि परतलेच नाहीत, असं वाटतं. भिंतीवर छिन्नीचे ताजे वाटावेत असे वण. बाहेर लेख. त्यांत शेतं दान दिल्याचं, आंब्याची झाडं दान दिल्याचं लिहिलेलं आहे. सोनाबाई आणि सुजाता आत गेल्या. त्यांची वंदना संथ लयीत बाहेर ऐकू येत होती. मी लेखांवरून बोट फिरवत होते. हे कठड्याशी उभे राहून समोरचा शिवनेरी पाहत होते. तेवढ्याच जागी फोनला रेंज येत होती, म्हणून ह्यांनी मुलीला फोन लावून बोलूनही घेतलं.

वरच्या कड्याला, आमच्यापासून बरीच उंच, काळी मोहळं लटकत होती. घारीएवढा एक पक्षी आला. तो मोहळावर झेपावला, एक लचका तोडून गेला, पुन्हा फिरून आला. मी ते कुतूहलाने बघत राहिले. मग मोहळाचा काळा रंग पातळ झाल्यासारखा दिसला आणि आवाज आला. दूरवर गिरणी सुरू व्हावी तसा.

ह्यांनी हात हलवला. तेवढ्यात ह्यांच्या डोक्याभोवती माश्या आल्या होत्या. मी पदर ओढून यांच्याकडे धावले. सोनाबाई चैत्यगृहाच्या तोंडाशी आली होती. ती ओरडली नाही. तिने नुसता शेजारच्या विहाराकडे हात केला आणि पुढे निघाली. विहार म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा. मधे चौक आणि भिंतींत लहान लहान खोल्या. आम्ही चौघं वाकून अगदी मागच्या खोलीत घुसलो. माश्या आमच्याबरोबर आत आल्या.

खोली केवढी, तर चौघं उभे राहिलो तर एकमेकांचे खांदे लागतील. एका बाजूला दगडी ओटा. दाराच्या चौकटीत वर आणि खाली खाचा होत्या. एकेकाळी तिथे लाकडी दार बसत असणार. सुजाताने निघताना सतरंजी आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली होती, त्यांतली चादर मी काढली. माझ्या पर्समध्ये पिना कायम असतात. चादरीची वरची टोकं त्या जुन्या खाचांत कोंबून त्यांत दगडाच्या कपऱ्या ठोकल्या, बाजूंना जिथे फट राहिली तिथे माझा रुमाल, सुजाताची ओढणी असं जे मिळेल ते पिनांनी जोडलं. सुजाताने आत आलेल्या माश्या चपलेने मारल्या. उजेड पांढरा, दुधासारखा झाला. बाहेर चादरीवर माश्या टपटप आपटत होत्या.

मग आम्ही ह्यांच्याकडे पाहिलं. डोकं, मान, कान, सगळीकडे काटे. सुजाता नारायणगावला औषधाच्या दुकानात काम करते. तिने चिमटीने काटे ओढू दिले नाहीत. आपल्या दुकानाच्या ओळखपत्राच्या कडेने एकेक खरवडून काढला. तिला धुळीची शिंक येते म्हणून तिच्याजवळ गोळी होती, ती ह्यांना दिली. सोनाबाईच्या बाटलीत घोटभर पाणी होतं. हे ओट्यावर आडवे झाले. पाय पुरेनात, म्हणून गुडघे दुमडले.

थोड्या वेळाने ह्यांचे ओठ सुजले. अंगावर चट्टे उठले. आवाज जड झाला. सुजाताने मला बाजूला घेतलं, म्हणजे तोंड माझ्या कानाशी आणलं, आणि हळूच सांगितलं की माश्या अंधार पडल्यावर बसतील, तोवर थांबणं शहाणपणाचं. पण काकांचा घसा आवळत चालला तर थांबता येणार नाही. मग ती ह्यांना म्हणाली, “काका, बोलत राहा. काहीपण बोला. आमाला श्वास कळला पाहिजे.”

हे म्हणाले, काय बोलू. आणि पाढा म्हणू लागले. एकोणतीसचा.

“एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.”

वर्गातली ह्यांची सवय अशीच होती. मुलं झोपाळली की एकोणतीसचा पाढा. मी ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते. आकड्यांकडे माझं लक्ष नव्हतं. दोन आकड्यांच्या मधली जागा ऐकत होते. पाढा संपला की हे पुन्हा सुरुवातीला यायचे. ती जागा लांबत चालली होती. पुढे एका फेरीत हे मधेच अडले, मागे गेले, पुन्हा अडले, आणि चुकीचा आकडा म्हणाले. आमच्या सगळ्या संसारात मी यांना पाढा चुकताना ऐकलं नव्हतं. मी उठले.

कठड्यापाशी गेलं तर फोन लागेल, हे मला ठाऊक होतं. सुजाता म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, तू यांच्यापाशी पाहिजेस, माझा इथे उपयोग नाही. सोनाबाईने सतरंजी माझ्या डोक्यावरून टाकली, पुढे हनुवटीखाली धरायला लावली आणि मला सांगितलं की पळायचं नाही. “दारापाशी पोढी हाय. आदी सतरंजी तितं बुडव, मग जा. गोगलगाईवानी जा.”

मी चादर उचलून रांगत बाहेर पडले. पोढी विहाराच्या तोंडालाच होती. पाणी हिरवट, पण भरपूर. सतरंजी भिजवल्यावर इतकी जड झाली की गुडघे टेकूनच पुढे सरकावं लागलं. आवाज सतत कानांवर होता. हातांवर चावल्या. मी मोजलं नाही. मनात एवढंच चाललं होतं की आत पाढा चालू असेल ना. कठड्याशी पोचून सतरंजीच्या आत फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा भाऊसाहेबांचा आवाज आला.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ते म्हणाले, “ताई, तुमी आत जा. दार लावून बसा. मी मानसं घिऊन येतो.”

परत आले तेव्हा हे शुद्धीवर होते. पाढा थांबला होता, पण माझा हात धरून हे म्हणाले, “शैला, सात सक किती?” मी बेचाळीस म्हटलं. मग ह्यांनी डोळे मिटले. तेव्हा मी तुझाच श्वास तपासत होतो, असं हे आता म्हणतात. खरं काय ते मला माहीत नाही.

त्या वाट बघण्यात सोनाबाई बोलत होती. मुद्दामच बोलत असणार. ती सांगत होती की पहिल्यांदा इथे आली तेव्हा ती परकर नेसायची. त्यांच्या लोकांनी नुकताच धम्म घेतला होता. बाप तिला खांद्यावर घेऊन आला. बरोबर वस्तीतले बरेच जण. लेण्यांत काय करायचं असतं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, तर ते नुसतेच बसले. गावात ते कुणाच्या दारात ताठ उभे राहत नसत. इथे आत शिरताना बापाचं डोकं चौकटीला आपटलं आणि तो हसत सुटला.

“म्हनला, सोने, हितं वाकायचं ते दार बुटकं हाय म्हनून. दुसऱ्या कशापायी न्हाई.” एवढं सांगून ती ह्यांच्या कपाळावरची ओली घडी बदलायला वळली.

त्या खोलीत मी किती वेळ होते ते सांगता येत नाही. पण काय असतं ते कळलं. दगड सुरुवातीला गार लागतो आणि पाठ टेकून राहिलं की हळूहळू माणसाएवढा कोमट होतो. कुजबूजसुद्धा पूर्ण ऐकू येते, त्यामुळे माणूस कमी बोलतो. दाराच्या चौकोनाखेरीज बघायला काही नसतं, त्यामुळे नजर आपोआप एकमेकांकडे जाते. आणि श्वास. आपला आणि शेजारच्याचा.

भाऊसाहेब आले ते चार-पाच माणसांना घेऊन. डोक्यावरून घोंगड्या, हातात भिजवलेली पोती. कुणी बोलत नव्हतं, कुणी विडी पेटवली नव्हती. चादरीबाहेरून हाक आली, “ताई, आमी हाय.” ह्यांना घोंगडीत गुंडाळलं. दोघांनी काखेत धरलं. सोनाबाईला मधे घेतलं. खडकाला अंग घासत, हळूहळू, एका मागे एक आम्ही त्या कड्याखालून निघालो. झुडपांत शिरल्यावर आवाज मागे पडला. तिथून त्यांनी ह्यांना जवळजवळ उचलूनच खाली आणलं.

जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बघितल्याबरोबर सुई दिली, मग सलाईन. मी पायांशी उभी होते. थोड्या वेळाने छातीचा भाता सावकाश झाला. बाईंनी माझ्या हातातले काटे काढले तेव्हा मला समजलं की माझेही हात सुजलेत आणि मी रडते आहे. रात्र तिथेच काढायला सांगितली. सुजाता बाहेर बाकावर बसून राहिली. जा म्हटलं तरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही लॉजवर गेलो नाही. सोनाबाईने जाऊ दिलं नाही. वारूळवाडीत त्यांचं दोन खोल्यांचं पक्कं घर, मागे टोमॅटोचा तुकडा. तिने मासवडी केली. नावावर जाऊ नका, त्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण घालून माशाच्या आकाराची वळकटी करतात, तिच्या वड्या पाडतात आणि झणझणीत रश्श्यात बुडवून खातात. ह्यांच्या ओठांना रस्सा सोसवेना. हे भाकरी दुधात कुस्करून खात होते आणि माझ्या ताटाकडे बघत होते. सोनाबाईने दोन वड्या कोरड्या बाजूला ठेवल्या होत्या, त्या शेवटी ह्यांना दिल्या. जेवणं झाल्यावर मी तिला लुगडं घेऊन देण्याची गोष्ट काढली, तर म्हणाली, माझी चादर तेवडी परत आन. ती वरच राहिली होती.

भाऊसाहेबांच्या ओळखीच्या एका माणसाने ती संध्याकाळी, माश्या निवल्यावर, आणून दिली. माझ्या पिना अजून तिच्यात होत्या.

मला तिथूनच लातूर गाठायचं होतं. ह्यांनी ऐकलं नाही. एक दिवस उरलाय, आंबेगाव राहिलंय, म्हणाले. लेण्यांचं वेड नसलेले हे गृहस्थ, तोंड अजून एका बाजूने फुगलेलं, भाऊसाहेबांना घोडेगावची वाट विचारत होते.

घोडेगाव ओलांडून डिंभे धरणाच्या कडेने गेलो. जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव त्याचं, आणि गाव मात्र दिसत नाही. पाणी खूप ओसरलं की जुन्या देवळाचे दगड वर येतात असं ऐकलं होतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी अजून तेवढं उतरलं नव्हतं. काठावर जाळं दुरुस्त करत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं तर ते उठले, आणि पाण्यावर बोट फिरवत पेठ कुठे, देऊळ कुठे, चावडी कुठे हे दाखवू लागले. सपाट निळं पाणी. त्यांच्या बोटाकडे बघून आम्ही गल्लीगल्लीने फिरलो. एका ठिकाणी बोट थांबलं.

“हितं आमचा वटा व्हता. त्यावर मी निजायचो.”

ह्यांनी विचारलं, आता किती खोल असेल. ते म्हणाले, ते नाय मोजलं राव, मोजून काय करायचं. आणि खाली बसून पुन्हा जाळं हातात घेतलं. आम्हीही बसलो. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी उठावंसं वाटेना.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी झोपले. घोरत होते. एरवी मी यांना कोपराने ढोसते. त्या दिवशी पुण्यापर्यंत ऐकत आले.

लातूरला आल्यावर क्लासमधल्या मुलींनी विचारलं, काय पाहिलं. मी नाणेघाट सांगितला, घुमट सांगितला, माश्यांची गोष्ट सांगितली. ती सांगून संपली तरी माझं काहीतरी सांगायचं राहिलं होतं. दान देणाऱ्यांची नावं दगडावर आहेत. त्या खोल्यांत राहिलेल्यांची नाहीत. राजे, राण्या, कासार, बुरूड यांनी ज्यांच्यासाठी डोंगर पोखरला ते कोण होते, हे मला आजही माहीत नाही. पण पावसात, वाऱ्यात माणसाला टेकायला एक कोपरा हवा आणि तो दगडाचा असला तर कुणाच्याही उपयोगी पडेल, एवढा विचार करून कुणीतरी तो खोदला. आमच्यापर्यंत तो पुरला.

मे महिन्यात एका रविवारी मी ह्यांना खरोशाला घेऊन गेले. लातूरपासून जवळ आहेत ही लेणी. आम्ही शाळेच्या सहलींबरोबर कितीदा तरी गेलो होतो आणि मुलं मोजण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ऊन चढलं होतं, आसपास कुणी नव्हतं. हे बाहेर उभे राहून कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत होते. सगळं छत, सगळे कोपरे पाहून झाल्यावर म्हणाले, “मोहोळ नाही.” मग आम्ही आत गेलो आणि भिंतीला पाठ टेकून ऊन उतरेपर्यंत बसलो.